खानदानी म्हणजे नेमकं कोण?

नागपुरात 'खानदानी' हा शब्द जेवताना जितका ऐकू येतो तितकाच लग्नाच्या बैठकीत. सावजीचा मसाला खानदानी असतो, कारण तो सासूने सुनेच्या हाती दिलेला असतो. मुलगी खानदानी कशामुळे, हे मात्र कोणी सांगत नाही. 'घर खानदानी आहे बरं का' एवढं म्हटलं की माना डोलतात आणि पोहे येतात. एखाद्या वस्तीत चोरी झाली की हाच शब्द उलटा फिरून येतो: 'ते लोक खानदानी चोर आहेत.' रश्शाला चव, मुलीला भाव आणि पारध्याच्या पोराला जन्मतःच आरोपीचा पिंजरा, एवढं सगळं या एका शब्दाच्या जोरावर चालतं.

माझं म्हणणं असं आहे की वंश पुरावा म्हणून चालतो, गुण म्हणून चालत नाही. कुणाच्या आजोबाला काय नाकारलं गेलं हे शोधायचं असेल तर वंशावळ लागते आणि ती मागावीही. नातू कसा आहे हे ठरवायला तिचा उपयोग नाही. आपण उलट करतो. मोठेपणा मिरवायचा असेल तिथे खानदान तोंडी चालतं, एक कागद लागत नाही. हक्क मागायचा असेल तिथे पणजोबाच्या शाळेचा दाखला आणा म्हणतात.

खानदान हा शब्द फारसीतून आला. मूळ अर्थ साधा: घर, घराणं. त्याच्या जोडीला मराठीत घरंदाज, कुलीन, जातिवंत, अस्सल अशी भरपूर कुमक आहे. खालच्या अंगाला औलाद, बेणं, पैदास. जातिवंत हा शब्द बैलालाही चालतो आणि कवीलाही. पैदास बोकडाची सांगितली तर किंमत वाढते, माणसाची काढली तर हातघाई होते. कौतुक असो की शिवी, माणसाचा वंश काढताना आपण बऱ्याचदा गोठ्यातूनच शब्द उचलतो. मग गोठ्यात या शब्दांचा हिशेब कसा ठेवतात तेही पाहायला हवं. माझी नोकरी जनावरांच्या दवाखान्यांत गेली, तेव्हा याबद्दल दोन शब्द बोलायचा अधिकार मी घेतो.

गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस, बेरारी शेळी या आपल्या भागातल्या मान्यताप्राप्त जाती. अशा जातींची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे होते. नोंदीत जातीचं वर्णन असतं. गवळाऊचा पांढरा रंग आणि हलकं, चपळ अंग. नागपुरी म्हशीची तलवारीसारखी मागे गेलेली लांब शिंगं आणि विदर्भाचा उन्हाळा सोसायची ताकद. हे वर्णन जातीचं असतं. समोर उभी असलेली म्हैस किती दूध देईल हे त्यात लिहिलेलं नसतं, आणि जाणकार गवळी ते त्यात शोधतही नाही. तो कासेला हात लावतो, मागच्या वेताचं दूध विचारतो, जमलं तर दोन वेळा धार काढून बघतो.

वळूची गोष्ट आणखी बोलकी आहे. वळू दूध देत नाही, मग तो चांगला की वाईट हे कळायचं कसं? सुरुवातीला त्याच्या आईचं दूध बघतात. तेव्हा हातात दुसरं काही नसतं म्हणून वंशावळीचा आधार घ्यायचा. पण त्याच्या मुली दुधात आल्या की त्यांच्या नोंदी जमा होतात, आणि जसजशा नोंदी वाढतात तसतसा आई-आजीच्या कागदाचा भार कमी होत जातो. मोठ्या नावाच्या गाईचा वळू मुलींच्या दुधात नापास झाला तर त्याला बाजूला काढतात. घराणं कितीही थोर असलं तरी कोणी हळहळत बसत नाही. दुधाच्या उत्पादनात जो फरक दिसतो त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश भागच आनुवंशिक मानला जातो. बाकीचं चारा, पाणी, सावली, आजारपण आणि सांभाळणाऱ्याचा हात. हे सगळं पैदाशीच्या शास्त्रात पहिल्या धड्यातच शिकवतात. नागपुरात तर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पशू व मत्स्य विज्ञानाचं विद्यापीठ आहे. वंशाबद्दलचं खरं ज्ञान या शहरात उपलब्ध आहे, फक्त ते लग्नाच्या बैठकीपर्यंत पोचत नाही.

आणखी एक हिशेब. आई आणि बाप अर्धा-अर्धा वाटा देतात. आजी-आजोबांचा प्रत्येकी सरासरी पाव, पणजी-पणजोबांचा आठवा. 'सात पिढ्यांचं खानदान' म्हणून जो पूर्वज भिंतीवर टांगलेला असतो, तो त्या पिढीतल्या १२८ पूर्वजांपैकी एक असतो. उरलेल्या १२७ जणांचं काय? त्यांत कोण होतं, कोणत्या गावचं होतं, काय करून पोट भरत होतं, हे खानदानी घरालाही ठाऊक नसतं. माणसाच्या वंशावळीत फक्त बापाचा बाप, त्याचा बाप अशी एकच काठी सरळ वर जाते. आया गळून पडतात. गाईच्या वंशावळीत आईचं दूध पहिल्या ओळीत असतं आणि माणसाच्या वंशावळीत आईला ओळच नाही. कुठली नोंद जास्त शहाणी, हे वाचकांनी ठरवावं.

आपल्या जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. मराठीत म्हणी दोन्ही बाजूंच्या आहेत. 'खाण तशी माती', 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' या एका बाजूला. दुसरीकडे ढवळ्याशेजारी बांधलेला पवळ्या आहे, ज्याला वाण नाही पण गुण लागला. ही म्हण आपण वाईट संगतीसाठी वापरतो, पण तिच्या पोटातली समज थेट आहे. वाण वेगळा आणि गुण वेगळा; वाण जन्माने येतो, गुण शेजाराने, दावणीने, सवयीने. आणि 'ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये' ही म्हण तर कबुलीजबाबच म्हणायला हवा. कूळ शोधलं तर ऋषीचं ऋषीपण कमी होत नाही, कुळाची थोरवीच उघडी पडते. म्हणून शोधू नये! (नाग नदीचं मूळ शोधायला हरकत नाही. निदान ती शहरात शिरण्याआधी कशी होती हे तरी कळेल.)

खानदान माणसं घडवतं त्याहून जास्त वेळा माणसंच खानदान घडवतात, हे नागपूरइतकं दुसऱ्या गावाला सहज पटू नये. आपल्या भोसल्यांकडे पाहा. जानोजी भोसल्यांना मूल नव्हतं, त्यांनी पुतण्याला दत्तक घेतलं. तेच दुसरे रघुजी. तिसरे रघुजी हे दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे पुत्र. १८१८मध्ये आप्पासाहेबांना बाजूला सारून या नातवाला दत्तक म्हणून गादीवर बसवलं गेलं तेव्हा त्यामागे कंपनी सरकारच उभं होतं. मुलीचा मुलगा चालला, दत्तक चालला, कारण तेव्हा कंपनीला सांभाळता येईल असा लहान राजा हवा होता. पुढे ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी वारले. आता त्याच कंपनीला एकाएकी औरस वारसाची आठवण झाली. दत्तक चालणार नाही म्हणाले, १८५४मध्ये राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातलं जडजवाहीर लिलावात काढलं. पस्तीस वर्षांत वंशाचं शास्त्र बदललं नव्हतं. गरज बदलली होती. वंशाचा नियम कोणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो, हे डलहौसीने आपल्याला चांगलंच महाग शिकवलं. राज्यं गेली ती गेली, पण दत्तकाच्या त्या परंपरेतलं एक सत्य मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे होम करून, साक्षीदार बसवून, कागद लिहून वंश *करता* येत होता. रक्तच सगळं असतं, अशी आपल्याच राजघराण्यांची समजूत नव्हती.

गाण्यातलं घराणं हे त्याचं आणखी मोकळं रूप. भास्करबुवा बखले यांनी ग्वाल्हेरचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि जयपूरचे अल्लादिया खाँ अशा तिघांकडून विद्या घेतली. रक्ताचं नातं एकाशीही नव्हतं. उस्तादांच्या घरातही सगळी मुलं गाणारी निघाली नाहीत. पण त्याविषयी गाणाऱ्यांनी लिहावं.

शब्दाची खरी काळी बाजू १८७१च्या कायद्यात आहे. ब्रिटिशांनी त्या साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो वाढवत नेला. काही जमातींत माणूस जन्मतःच गुन्हेगार असतो, हा धंदा सुताराच्या किंवा लोहाराच्या धंद्यासारखा बापाकडून मुलाकडे जातो, असं त्यामागचं गृहीतक. नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायची बंदी. गुन्हा सिद्ध व्हायची गरजच उरली नाही. आडनाव पुरे झालं. हा कायदा १९५२मध्ये रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन झाला. शब्द मात्र विमुक्त झाला नाही. 'सराईत' या नावाखाली तीच नजर चौक्यांमध्ये आणि तुरुंगांच्या नियमांमध्ये राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला कारागृह नियमावल्यांमधली जातीवरून केलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवावी लागली, म्हणजे ती तोवर छापील स्वरूपात शिल्लक होती. लग्नाच्या बैठकीत 'खानदानी' म्हणताना आपण काही वाईट बोलत नाही असं वाटतं. पण चांगुलपणा रक्तातून उतरतो हे एकदा मान्य केलं की चोरीही रक्तातून उतरते हे नाकारायला तोंड राहत नाही. तर्क एकच आहे, गिऱ्हाईक वेगळं.

इथे हमखास एक आक्षेप येतो, आणि तो घेणारा बहुतेक वेळा चिडलेला असतो. खानदान वाईट म्हणता, मग आरक्षणासाठी जात आणि वंशावळ कशाला? तिथे कसा चालतो जन्म? प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले आहेत. 'खानदानी' म्हणणारा विचारतो, तुझ्या आजोबांकडे काय होतं? आरक्षण विचारतं, तुझ्या आजोबांना काय मिळू दिलं नाही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नातवाचा गुण म्हणून मिरवलं जातं. दुसऱ्याचं उत्तर नातवाच्या गुणाबद्दल काही म्हणतच नाही. पाणवठा, शाळा, जमीन कोणासाठी बंद होती त्याचा तो जमाखर्च आहे. असा जमाखर्च मागे जाऊनच मांडावा लागतो. आणि जातीच्या दाखल्याची पडताळणीही हवी. खोट्या दाखल्यावर घेतलेली जागा ही कुठल्या तरी गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या मुलाच्या ताटातून उचललेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये, अवैध ठरलेल्या दाखल्यावर मिळवलेले लाभ टिकणार नाहीत असं सांगितलं, ते मला बरोबर वाटतं.

माझी तक्रार पडताळणीच्या पद्धतीबद्दल आहे. जमाखर्च तपासायला बसवलेली यंत्रणा बघता बघता पैदास-निरीक्षक होऊन बसते.

विदर्भात ज्याने जात वैधतेसाठी धावपळ केली आहे त्याला दाखल-खारीज (शाळेचं रजिस्टर), कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची नोंद), अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्काची नोंद) हे शब्द समजावून सांगायला नकोत. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा हवा. म्हणजे बहुधा आजोबा-पणजोबा कधीतरी शाळेच्या दारात गेलेले असायला हवेत, किंवा त्यांच्या नावावर जमीन असायला हवी. ज्यांना शाळेत घेतलं नाही आणि जमीन मिळू दिली नाही त्यांच्याचकडे शाळेचा आणि जमिनीचा कागद मागायचा! वर आपला भाग तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात. नोंद कुठे मोडीत, कुठे हिंदीत, कुठे इंग्रजीत. लिहिणाऱ्याने कानाला पडलं ते लिहिलेलं. काना-मात्रेच्या फरकाने नातवाचा प्रवेश अडतो. तो कागद बहुतेकदा सरकारच्याच कचेरीत असतो. सरकारने आपल्या कपाटातलं शोधायचं सोडून अर्जदाराला तालुक्याच्या कचेरीत नकलेसाठी रांगेत उभं करायचं, ही कुठली पडताळणी?

दुसरा भाग आप्तभावाचा, म्हणजे अर्जदाराच्या चालीरीती त्या जमातीशी जुळतात का हे तपासण्याचा. १९९४च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दक्षता पथकांनी जमातीची वैशिष्ट्यं, दैवतं, रूढी, लग्नाच्या आणि मर्तिकाच्या पद्धती तपासाव्यात असं सांगितलं. हेतू खोटे दावे पकडण्याचा होता. पण प्रत्यक्षात काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. पूर्व नागपुरात तीन पिढ्या राहिलेल्या, हिंदी-मराठी बोलणाऱ्या, इंजिनिअरिंगला प्रवेश मागणाऱ्या मुलीला विचारायचं की तुमची बोली कोणती, देव कोणता, लग्नात कोणतं गाणं म्हणता. शिंगं मागे वळलेली आहेत का, कान लोंबतात का, असंच झालं हे. जातीच्या वर्णनपत्राशी माणूस ताडून पाहायचा. शहरात येऊन चारचौघांसारखं राहायला शिकणं हाच ज्यांच्या आईबापांचा पराक्रम, त्यांच्या मुलांना तोच पराक्रम नडायचा. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी आप्तभाव ही अंतिम कसोटी नाही आणि जुन्या कागदांचं वजन त्याहून अधिक, हे स्पष्ट केलं. रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळाली असेल आणि त्यात लबाडी नसेल तर पुन्हा तेच दळण दळू नये, हे तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१०मध्येच सांगितलं होतं. तरीही एकाच घरात भावाला वैध आणि बहिणीला अवैध असे दाखले निघाल्याच्या गोष्टी ऐकू येतात. एका आईबापांची दोन मुलं वेगवेगळ्या जमातीची कशी असू शकतात, हे कुठल्याच पैदाशीच्या शास्त्रात बसत नाही.

या पद्धतीच्या कचाट्यात नागपुरातले दोन समाज सगळ्यात जास्त सापडले. एक हलबा कोष्टी. हातमागावर शहराचं कापड विणणारा हा समाज, आणि सावजी जेवण ज्यांच्या घरांतून शहरभर गेलं तोही हाच. ज्यांच्या रश्शाला आपण बिनतक्रार खानदानी म्हणतो, त्यांच्या खानदानावर दशकानुदशकं कोर्टात वाद चालला. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला: अनुसूचित जमातींच्या यादीत जे लिहिलं आहे ते तसंच वाचायचं, 'हलबा कोष्टी' ही हलबांची पोटजमात आहे का हे कोर्टाने चौकशी करून ठरवायचं नाही, यादी बदलायची तर संसदेनेच. ज्या विद्यार्थ्याचं प्रकरण होतं त्याचं वैद्यकीय शिक्षण पूर्ण झालेलं होतं, ती पदवी मात्र काढून घेतली नाही. कायद्याच्या अंगाने मला हा निकाल योग्यच वाटतो. याद्या कोर्टाकोर्टांत लांबायला लागल्या तर डोंगरातल्या आदिवासींच्या वाट्याला काही उरणार नाही. पण माग बंद पडले, विणकर देशोधडीला लागला, या प्रश्नाला उत्तर एकच उरलं, आदिवासी असल्याचं सिद्ध करा. हे त्या समाजाचं अपयश नव्हतं. दुःख मोजायचं दुसरं मापच सरकारने ठेवलं नव्हतं, म्हणून लोक वंशाच्या दाराशी गर्दी करत होते.

दुसरा समाज गोवारींचा. गुरं राखणारे लोक. दिवाळीनंतर गायगोधनाला ढाल घेऊन नाचणारे. यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलेलं. गोवारी म्हणतात ते आम्हीच. हे मान्य करा म्हणून २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर मोर्चा आला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ माणसं मेली. त्यांत बायका आणि मुलं जास्त. झिरो माइलजवळ स्मारक आहे, आणि उड्डाणपुलाला गोवारींचं नाव आहे. २०१८मध्ये नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. यादी जशी आहे तशी, हेच सूत्र. ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या गाईंची वेतं तोंडपाठ ठेवली, कोणती कालवड कोणत्या गाईची हे न चुकता सांगितलं, त्यांच्या स्वतःच्या वंशाचा निवाडा यादीतल्या दोन शब्दांमधल्या जागेवर अडला. राज्याने दोन्ही समाजांना २ टक्क्यांच्या विशेष मागास प्रवर्गात घेतलं आहे. दोन टक्क्यांत किती समाज मावतात हा प्रश्न वेगळा.

याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी जन्माने चिकटलेली ओळख जाहीरपणे उतरवून ठेवली. वंशाच्या भाषेला इतकं सणसणीत उत्तर देशात दुसरीकडे कुठे दिलं गेलं असेल तर मला माहीत नाही. सरकारला ते उत्तर पचायला वेळ लागला. बौद्ध झालात म्हणजे अनुसूचित जातीचे राहिला नाहीत, असं केंद्राने धरलं आणि ते दुरुस्त व्हायला १९९० साल उजाडलं. धर्म बदलला म्हणून शेजाऱ्याने दारात घेतलं असं झालेलं नव्हतं, हे एवढं साधं सत्य कायद्यात यायला चौतीस वर्षं. दीक्षा घेतलेल्या माणसाने आपली जात टाकली. समाजाने त्याची जात टाकली नाही. आरक्षणाची वंशावळ ही या दुसऱ्या गोष्टीची नोंद आहे, पहिलीची नव्हे. हा फरक समजला तर वर म्हटलेला आक्षेप निम्मा तरी विरतो.

राहिली लग्नं. तिथे कायदा काही करू शकत नाही आणि करूही नये. मी मुलांच्या स्थळांच्या जाहिराती आवडीने वाचतो, कारण त्यात समाज खोटं बोलत नाही. 'जातीची अट नाही' असं लिहून पुढच्याच ओळीत 'घरंदाज' लिहितात. घरंदाज म्हणजे नेमकं काय हवं आहे ते लिहा ना. कर्ज नसलेलं घर हवं? दारू न पिणारा मुलगा हवा? भांडण झालं तरी हात न उचलणारा? या सगळ्या गोष्टी विचारता येतात, शेजारपाजारी तपासता येतात, आणि त्यांच्यावरच पुढची चाळीस वर्षं जायची असतात. खानदान विचारणारी मंडळी यातलं एकही विचारत नाहीत, कारण ते विचारणं असभ्य समजलं जातं! गावातला शेतकरी बैल घेताना निदान त्याला चार पावलं चालवून बघतो. आणि खानदानी घरातून मार खाऊन माहेरी परतलेल्या मुलींबद्दल त्या बैठकीतल्या कोणीही पुढे बोलत नाही. राजकारणातली घराणेशाही हा याच झाडाचा फाटा: दुसऱ्याच्या पक्षात ती घराणेशाही, आपल्या पक्षात तो वारसा. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे.

आता जे करता येण्यासारखं आहे ते बोलू. जुन्या नोंदी धुंडाळायची जबाबदारी अर्जदारावरून काढून जात पडताळणी समितीवर टाकावी. एका घरात एकदा रीतसर वैधता मिळाली की ती त्या घराला लागू व्हावी, लबाडीचा ठोस पुरावा असेल तेवढा अपवाद. आप्तभावाच्या प्रश्नावलीवर कोणाचा दावा फेटाळू नये. यातलं दुसरं आणि तिसरं न्यायालयांनी कमी-अधिक शब्दांत सांगितलेलंच आहे, त्यासाठी नवीन कायद्याची गरज नाही.

चौथं मात्र अजून झालेलं नाही आणि तेच मला सगळ्यांत जरूर वाटतं: वंशावळीत आईची ओळ. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये म्हटलं की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात बापाचीच, असं सरसकट धरता येणार नाही. आईच्या समाजात वाढलेलं आणि तिच्यासारखेच चटके सोसलेलं मूल तसं सिद्ध करू शकतं. पण असं सिद्ध करायला निघालेल्या एकट्या आईला कचेरीत पहिला प्रश्न येतो तो नवऱ्याकडच्या कागदांचा. ज्याने सोडून दिलं त्याच्याच बापाचा दाखला आणायला ती त्याच्या दारात कशी जाणार? महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा केला आहे. ही मुलं साधारण २०४१-४२च्या सुमाराला बारावी होऊन वैधतेचे अर्ज भरतील. त्यांच्या नावात आई असेल. अर्जासोबतच्या वंशावळीत तिला आणि तिच्या आईबापांना जागा करून द्यायला सामाजिक न्याय विभागाकडे तोवर भरपूर वेळ आहे, आणि ते काम कागदाचा एक नमुना बदलण्याइतकंच आहे.